कुठवर ठीक आहे?

आपल्या मराठीत 'जाणे' या क्रियापदाला जेवढे काम पडते तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणाला पडत असेल. दिवा जातो, पंखा जातो, विहिरीवरचा पंप जातो आणि इस्त्रीही जाते. एखादे यंत्र 'गेले' म्हटले की त्यासंबंधीची चौकशी संपते आणि खर्चाचा विचार सुरू होतो. वाचकहो, हा शब्द आपण किती घाईने उच्चारतो आणि त्या घाईची किंमत कधीकधी पैशापेक्षाही मोठी कशी असते, हे मला अलीकडे एका संगणकामुळे फार जवळून पाहावयास मिळाले. म्हणूनच आज हा थोडासा तांत्रिक विषय मी आपल्यापुढे मांडीत आहे.

तयार संगणक विकत आणण्याची सोय आता सर्वत्र आहे. तथापि कॉलेजात जाणारी पुष्कळ मुले-मुली सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवितात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या ठिकाणी कोणत्याही शनिवारी गेल्यास खांद्याला पिशव्या अडकवून दुकानोदुकानी भावांची तुलना करणारी ही मंडळी दिसतात. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, वीज पुरविणारा एसएमपीएस आणि या सर्वांना पोटात घेणारी कॅबिनेट अशी ही सामग्री. सगळे जोडून झाले की बटण दाबावयाचे. पंखे फिरू लागतात, रंगीत दिवे चमकतात आणि पडदा मात्र अमावास्येच्या आभाळासारखा काळाच राहतो! हा अनुभव इतक्या घरांतून येतो की त्याला अपवाद म्हणण्यापेक्षा नव्या जुळणीचा एक संस्कारच म्हणावयास हवे.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी वास्तुकलेच्या शिक्षणासाठी इंदूरहून दिल्लीस आली आहे. इमारतींचे आराखडे आणि त्रिमिती चित्रे काढण्यासाठी तिला समर्थ संगणक हवा होता. दोन वर्षे शाळकरी मुलांच्या शिकवण्या करून तिने ४१,००० रुपये साठविले होते. उरलेले २७,००० तिच्या वडिलांनी दिले, पण तयार संगणक घ्यावा हा आपला आग्रह कायम ठेवून. वसतिगृहाच्या खोलीत जागा नसल्याने तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर रविवारी दिवसभर बसून ही जुळणी केली. सायंकाळी बटण दाबले. पंखे फिरले. पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे क्षणभर उमटली आणि तो काळा झाला.

तिने यंत्र बंद केले, पुन्हा सुरू केले. असे अकरा वेळा झाले. शेजारचे गृहस्थ आवाज ऐकून आत आले, कॅबिनेटमध्ये एकदा वाकून पाहिले आणि म्हणाले, "बोर्ड गया, बेटा." इंदूरहून फोनवर भाऊजी म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं. उद्या सगळं परत कर." दुकानदाराची अट अशी होती की सदोष भाग सात दिवसांच्या आत आणल्यासच बदलून मिळेल, आणि तिचे आराखडे द्यावयाची तारीख बारा दिवसांवर आली होती. परंतु मला खरी काळजी वाटली ती निराळीच. रात्री ताट पुढे घेऊन बसलेली ती मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, बोर्ड नाही गेला. मीच जाळला असेल. मला हे जमत नाही."

एकोणिसाव्या वर्षी 'मला हे जमत नाही' असे एकदा मनाने घेतले की ते पुढे चाळीस वर्षे पुरते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिकविताना अशा कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. हातून वायर चुकीची जोडली गेली म्हणून त्यांनी पुन्हा कधी उपकरणास हात लावला नाही. म्हणून जेवण आटोपल्यावर मी तिला एक वही आणावयास सांगितली. पानावर दोन रकाने आखले. पहिल्यावर लिहिले, 'निश्चित ठीक'. दुसऱ्यावर, 'अजून पाहावयाचे'. "काय बिघडलं हे आज शोधायचं नाही," मी म्हणाले, "कुठवर ठीक आहे एवढंच बघायचं."

वाचकहो, वरवर पाहता या दोन प्रश्नांत काहीच अंतर नाही असे वाटेल. पण 'काय बिघडले?' या प्रश्नाला उत्तरे असंख्य असतात आणि त्यांतले सर्वांत भयंकर उत्तर मनात प्रथम येते. 'कुठवर ठीक आहे?' या प्रश्नाचे उत्तर मात्र एकेक पाऊल पुढे सरकत जाते आणि प्रत्येक पाऊल डोळ्यांनी पडताळून पाहता येते.

पहिली नोंद तर लगेच करता आली. पडद्यावर 'नो सिग्नल' ही अक्षरे उमटली होती. म्हणजे पडद्याला वीज मिळत होती आणि तो जागा होता. त्याची तक्रार एवढीच होती की माझ्यापर्यंत काही पोहोचत नाही. ती केबल आणि तो पडदा आम्ही दिवाणखान्यातल्या दूरदर्शनच्या सेट-टॉप बॉक्सला जोडून पाहिला. बातम्या दिसू लागल्या. पडदा आणि केबल, दोन्ही पहिल्या रकान्यात गेले.

मग केबल संगणकाला कोठे जोडली होती ते पाहिले. कॅबिनेटच्या मागील बाजूस अशा केबलीसाठी दोन ठिकाणी छिद्रे असतात. वरची मदरबोर्डाची, खालची ग्राफिक्स कार्डाची. वरच्या छिद्रातून चित्र यावयाचे तर प्रोसेसरच्या पोटात चित्र निर्माण करण्याची सोय असावी लागते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात आकड्यांपुढे 'एफ' अक्षर असते त्यांत ती नसते. एएमडीच्या नव्या पिढीतही 'एफ'चा हाच अर्थ आहे. त्याच कंपनीच्या आधीच्या रायझेन पिढ्यांत ती सोय बहुधा 'जी' अक्षर असलेल्या प्रोसेसरांतच सापडते. आमच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' होते आणि केबल होती वरच्या छिद्रात. ती काढून कार्डाला जोडली. भाचीचा चेहरा उजळला. बटण दाबले. पडदा काळाच!

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. घरच्या घरी शोध घेणारे पुष्कळ लोक नेमके या ठिकाणी फसतात. एक दुरुस्ती केली आणि फळ मिळाले नाही, की ती दुरुस्तीच चुकीची होती असे समजून ते केबल पुन्हा जुन्या जागी लावतात. परंतु एका वाटेवर दोन दारे बंद असतील, तर पहिले उघडल्यानेही पलीकडचे काही दिसत नाही. म्हणून ते उघडणे व्यर्थ ठरत नाही. जी दुरुस्ती तर्काने बरोबर आहे ती तशीच राहू द्यावी, वहीत लिहावी आणि पुढे जावे. आणि एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम करून यंत्र चालू झाले तरी कशामुळे चालू झाले ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेस तेच कोडे नव्याने सोडवावे लागते.

त्यानंतर वीज. एसएमपीएसची मागची कळ बंद करून, भिंतीतली पिन काढून, आम्ही प्रत्येक जोड हाताने तपासला. मदरबोर्डाच्या कडेला बसणारा चोवीस टोकांचा रुंद जोड सर्वांना ठाऊक असतो. प्रोसेसरसाठी वरच्या कोपऱ्यात आठ टोकांचा एक वेगळा जोड असतो. तो पंख्यांच्या आड दडलेला असल्याने पुष्कळदा विसरला जातो. तो विसरला तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, म्हणून सगळे ठीक आहे असा भास होतो. ग्राफिक्स कार्डालाही बहुधा स्वतःची वीज लागते. भाचीने हे तिन्ही जोड नीट 'कट्' असा आवाज येईपर्यंत बसविलेले होते. पहिल्या रकान्यात तीन ओळींची भर पडली. आपण केलेल्या कामातले बहुतेक बरोबरच आहे हे ती स्वतःच्या अक्षरात वाचीत होती, आणि तिचा आवाज बदलू लागला होता.

आता खुद्द यंत्राची साक्ष काढावयाची होती. संगणक सुरू होताना पडद्यावर काही येण्यापूर्वी स्वतःची परीक्षा स्वतःच घेतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातही ही स्वपरीक्षा होती. सर्व ठीक असल्यास तो एकदा आखूड शिटी वाजवी. अडचण असल्यास शिट्यांचा क्रम बदले. आजच्या बऱ्याच मदरबोर्डांवर शिटीऐवजी चार बारीक दिवे असतात: पहिला प्रोसेसरचा, दुसरा स्मृतीचा म्हणजे रॅमचा, तिसरा ग्राफिक्स कार्डाचा आणि चौथा ज्या साठवणीतून पुढचे काम सुरू व्हावयाचे तिचा. एकेक विषय उत्तीर्ण झाला की त्याचा दिवा विझतो. जो लागून राहील तेथे गाडी अडली असे समजावे. आम्ही खोलीतला दिवा मालविला आणि कॅबिनेटमध्ये डोकावलो. पहिला दिवा लागून विझला. दुसरा लागला आणि तसाच राहिला. म्हणजे प्रोसेसर जागा झाला होता. अडचण स्मृतीपाशी होती. ज्या बोर्डाला दिवसभर मृत म्हटले जात होते तोच बोर्ड बोटाने जागा दाखवीत होता.

रॅमच्या पट्ट्यांसाठी त्या बोर्डावर चार खाचा होत्या. आपल्याला साहजिकच वाटते की पहिल्या दोनांत दोन पट्ट्या बसवाव्यात. परंतु अशा चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर, दोन पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवावयाच्या असतात. बोर्डासोबतच्या पुस्तिकेत तशी आकृती असते. शिवाय हल्लीच्या पुष्कळ बोर्डांवर खाचेच्या एकाच टोकाला खटका असतो. तो बसला की दुसरे टोकही बसले असे वाटते, आणि ते केसभर वर राहते. आमच्या एका पट्टीचे अगदी तसेच झाले होते. आम्ही पुन्हा वीज तोडली, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरविली आणि दोन्ही पट्ट्या काढल्या. एकच पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवून दोन्ही टोके सारखी दाबली.

बटण दाबले. दुसरा दिवा लागला आणि लागूनच राहिला. अर्ध्या मिनिटाने भाचीचा हात सवयीने बटणाकडे गेला. मी तो धरला आणि म्हणाले, "थांब. चहा टाकून ये."

हे थांबणे म्हणजे दैवावर हवाला नव्हता. तिची रॅम डीडीआर-५ या पिढीची होती. या स्मृतीचा वेग एवढा असतो की प्रोसेसर आणि पट्टी यांना परस्परांची लय आधी जमवून घ्यावी लागते. एखादा तबलजी गवयाचा सूर लागेपर्यंत हातोडीने तबला ठोकून पाहतो, तशीच ही तयारी. प्रथम सुरू करताना तिला काही मिनिटे लागू शकतात. स्मृती मोठी असेल तर दहा मिनिटांच्या आसपासही. त्या अवधीत पडदा काळा असतो आणि स्मृतीचा दिवा लागलेला असतो. म्हणजे बिघाडाचे आणि अभ्यासाचे बाह्य लक्षण एकच! त्यांतला भेद सांगणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ. आणि मध्येच बटण दाबले की सारा अभ्यास पहिल्यापासून सुरू होतो. रविवारी सायंकाळी ते यंत्र अकरा वेळा अभ्यासाला बसले असेल आणि अकरा वेळा त्याचे पुस्तक मिटले गेले असेल.

चहा उकळू लागला असेल नसेल, तोच स्वयंपाकघराच्या दारातून तिने पाहिले की दुसरा दिवा विझला आहे. तिसरा लुकलुकला, विझला. चौथा लागला, साठवण अजून कोरी असल्याने तो लागणारच होता. आणि पडद्यावर बोर्डाचे चिन्ह प्रकट झाले. ती ओरडली नाही. जवळ येऊन तिने स्मृतीचा आकडा वाचला, १६ जीबी, आणि वहीत लिहिला. मग दुसरी पट्टी चौथ्या खाचेत बसविली आणि पुन्हा तितकीच वाट पाहिली. आकडा ३२ झाला. संबंध यंत्रात एकही भाग बदलावा लागला नाही. गेले असे काहीच नव्हते.

एवढ्याने प्रत्येकाचे काम भागेल असे मात्र नाही. पंधरा मिनिटे थांबूनही स्मृतीचा दिवा विझला नाही, तर दुसरी पट्टी एकटी लावून पाहावी. बोर्डावरची नाण्यासारखी चपटी बॅटरी, वीज तोडलेली असताना, काही मिनिटे काढून पुन्हा बसविली म्हणजे बोर्डाच्या साठवलेल्या मांडण्या मूळपदावर येतात. प्रोसेसर बोर्डाहून नवा असेल, तर बोर्डातली मूळ सूचनावली त्याला ओळखत नाही. काही बोर्डांवर पेनड्राइव्हवरून ती नवी करण्याचे बटण असते. तरीही काही उमगले नाही तर सर्व भाग कॅबिनेटबाहेर काढून, बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून, प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी आणि चित्र देणारा एक भाग एवढ्यानिशीच यंत्र सुरू करून पाहावे. कॅबिनेटच्या पत्र्याशी बोर्डाचा मागून स्पर्श होत असेल, तर तो दोष येथे आपोआप उघडा पडतो. मग एकेक भाग वाढवीत जावे.

दोन बाबतींत मात्र धाडस अगदी करू नये. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. पिन काढल्यानंतरही आतील कपॅसिटरांत जिवावर बेतेल एवढा विद्युतभार राहू शकतो. आणि ज्या एसएमपीएसच्या केबली सुट्या होतात, त्याला दुसऱ्या एसएमपीएसच्या केबली लावू नयेत. टोके बसतात, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि धडधाकट भाग क्षणात जळतो.

या निमित्ताने मला मुंबईच्या एका यंत्राची आठवण झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी स्वतः उभारलेला टिफ्रॅक नावाचा संगणक १९६० साली पूर्णपणे कामाला लागला; १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ते नाव दिले. त्यात निर्वात नलिका हजारोंच्या संख्येने होत्या. त्यांतली एखादी बिघडली तर बदलून देणारा दुकानदार नव्हता आणि पुस्तिकाही त्याच माणसांनी लिहावयाची होती. अशा यंत्रापुढे 'गेले' म्हणून बसणाऱ्याला घरी जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. कुठवर ठीक आहे हे विचारीत, एकेक कप्पा पडताळीतच तसली यंत्रे उभी राहतात.

दुसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला. किती रुपयांचा भाग गेला होता, असे त्यांनी विचारले. भाचीने त्यांना वहीचे पान वाचून दाखविले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दुकानाच्या हिशेबाची संगणकपेटी चार महिन्यांपासून बंद पडून आहे. सुट्टीत आलीस की बघशील का?" यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र त्यांनी आजवर कोणाला दिल्याचे मला आठवत नाही. आराखडे तिने वेळेवर दिले.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी कोणा मुलाने वा मुलीने कष्टाने जुळविलेल्या यंत्राचा पडदा काळा राहिला, तर कृपा करून त्या क्षणी कोणताही निकाल देऊ नका. कागद घ्या, दोन रकाने आखा. सारे उपाय थकले तरी तो कागद वाया जात नाही. कोणता दिवा लागून राहतो आणि काय काय करून पाहिले, हे मुदतीच्या आत दुकानदारापुढे लिहून ठेवणाऱ्या ग्राहकाला सहसा कोणी टोलवीत नाही. आणि सुरुवात कोठून करावी असा प्रश्न पडला, तर पंखा फिरतो आहे ना ते पाहा. फिरत असेल तर भिंतीपासून यंत्रापर्यंत वीज पोहोचली आहे. पहिल्या रकान्यातली पहिली ओळ लिहून झाली.